मुळामानव, भाग दुसरा

पहिला भाग आमच्या गावात कधी आलाच नाही.

मंडईच्या रात्री खरं तर नाटक होतं, तीन अंकी,
पण लाखांदूरच्या अलीकडे कंपनीच्या गाडीचा एक्सल तुटला.
हिरोईन गाडीत, खलनायक गाडीत, तबला गाडीत.
पोचला एकटा प्रॉम्प्टर,
ऋषी डोंगरवार, सायकलवर, काखेत वही.
तिकिटं तर विकून झालेली.
मग धनपाल नाकाड्यानं घरून प्लेअर आणला
आणि देसाईगंजच्या बाजारात
दहा रुपयांत मिळालेली एक सीडी.
तिच्यावर जपानी किडेमकोडे, आणि आकडा : २.

पडदा म्हणजे मांडवाची कनात.
नायकाला डोक्याच्या जागी मुळा,
पाल्यासकट.
अंगात चंदेरी चड्डी, पायात गमबूट.
दिवसा टपालावर शिक्के मारायचा,
रात्री अन्यायावर लाथा.
उडायच्या आधी दर वेळी
थांबून पाल्याला रबर लावायचा.
कौतिकाबाई म्हणाली, "पोराले शिस्त हाय."

वैरीण : लोणच्याची बरणी, ताडाएवढी,
झाकणाखाली डोळे,
हसली की आतलं खारं पाणी डुचमळे.

पण बोलतात काय, कोणाला कळेना.
तेव्हा ऋषीकाकानं माइक घेतला.
बावीस वर्षं विंगेत बसून
दुसऱ्यांच्या तोंडात कुजबुजत शब्द घातलेला माणूस.
पहिल्याच वाक्याला भोंगा किंचाळला,
झोपलेली पोरं उठली :
"चांडाळणी! मांगच्या भागात तूनंच
माह्या भावाले खारवलं!"
"कोन होता गा भाऊ?" मांडवातून कोणीतरी.
"गाजर!"
आणि चारशे माणसं हळहळली.

मग बरणी शहर सोडून खेड्यात शिरली.
तिथं बांध्या होत्या.
आमच्यासारख्याच, धुऱ्यावर धुरा,
पाणी भरलेल्या, धान निसवलेला.
बरणीनं पाय टाकला
तो नेमका धानात.

हसणं बंद.
"धानात!" मागून आवाज आला,
मग "धानात ना बे!" डावीकडून,
आणि एक चप्पल कनातीला लागून
बरणीच्या पोटावरून खाली घसरली.
तोवर तमाशा होता,
आता भांडण झालं.

नेमका तेव्हाच मुळामानव चिखलात गुडघ्यावर बसला
आणि काहीतरी बोलू लागला.
हळू. खूप वेळ. वाजंत्री थांबवून.
ऋषीकाका गप्प.
मी वहीवर टॉर्च धरून उभा,
पण वहीत तर वेगळंच नाटक.
त्याला प्रॉम्प्ट द्यायला विंगेत कोणी नव्हतं.
"बोला ना काका," मी म्हणालो.
तो माइकमध्ये नाही, जणू माझ्याशीच बोलला,
पण माइक चालू होता :
"मले पहिला भाग आठवतच नाही गा.
लोकं म्हणतात, म्हणून मी हिरो."

काही क्षण नुसता जनरेटर.
मग कौतिकाबाई उभी राहिली.
"असं कसं! तूनं चूलबंदचा पूल धरून ठेवला होता, पुरात!"
"माही म्हैस काढली विहिरीतून!"
"शाळेचं छप्पर!"
"मास्तरची बदली!"
"वाघ हाकलला, टोपलीनं!"
सगळा मांडव पहिला भाग सांगत होता,
एकमेकांना खोडत, शपथा घालत,
आणि कनातीवर तो उठला,
चिखल झटकला,
पाल्याला रबर लावलं.

बरणीचं झाकण उघडलं तेव्हाच सीडी अडकली.
मेली का नाही, माहीत नाही.

पुढे नागपुरात मी पहिला भाग पाहिला.
त्यात ना भाऊ, ना पूल,
वाघ तर नाहीच.
अर्ध्यात उठून चहा प्यायला गेलो.

ऋषीकाका पुढच्या मंडईला परत विंगेत,
टॉर्चखाली, तसाच कुजबुजत.
पण शनिवारच्या बाजारात शेवंता अजून
प्रत्येक मुळ्याच्या पाल्याला रबर लावून बसते.
जुडीला नाही, एकेकाला.
विचारलं तर म्हणते,
"बोलावणं आलं त मंग?
शोधत बसन का तो रबर?"