डिस्ट

क्लाक्सविकच्या बंदरावर, बोटीच्या ऑफिसात,
मार्युन रात्री साडेअकराला बिल्ड लावते.
आधी जुनं डिस्ट पुसलं जातं, मुळापासून,
मग चार सेकंदांत नवं.
फाइलींच्या नावांना शेपट्या, दर खेपेला वेगळ्या,
ब्राउझरनं कालचं धरून बसू नये म्हणून.

पब्लिकमधलं मात्र जसंच्या तसं उचललं जातं:
बोटीचं चिन्ह, वेळापत्रकाची पीडीएफ,
२०१९ची, कुणी हात न लावलेली.

योआन्नेसला हे कुणी सांगितलं नव्हतं.
निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी त्यानं एक फोटो
थेट डिस्टमध्येच ठेवला.
धक्क्यावर त्याची बायको,
रुमाल वाऱ्यानं तोंडावर आलेला.
एवढी एकच प्रत.

गिटला आपणच बजावलेलं, डिस्टकडे बघायचं नाही.
गिट शब्दाचं पक्कं.

आता त्या पानावर मोडकी चौकट
आणि चौकटीत पर्यायी मजकूर.
तो सोर्समध्ये होता, म्हणून वाचला.
दोन बोटांनी टंकलेला असणार:
सुन्निवा, १९८७. हसते आहे, दिसत नसलं तरी.

मार्युन ओळ निवडते. डिलीटवर बोट.
बाहेर शेवटची बोट दोर टाकते.

ती बिल्ड पुन्हा लावते.
चार सेकंद.
हसते आहे, दिसत नसलं तरी.