उजेडाचा रकाना

फॉर्मवर एक रकाना असतो:
घटनेच्या वेळी उजेड की अंधार.
जूनमध्ये शेटलंड बेटांवर तो भरता येत नाही.
सूर्य साडेदहाला टेकतो, पण रात्र होत नाही नीट,
एक वाजताही दाराबाहेर वर्तमानपत्र वाचता येतं.
मी पेन धरून बसले.
ओस्ला म्हणाली, "दिसत होतं सगळं."
मग बऱ्याच वेळाने, "मला."

सार्जंट मूअट वाईट माणूस नव्हता.
त्याने तिच्यासाठी चहा आणला,
मग आठवलं, आणि कप तसाच परत नेला.
प्यायचं नाही. चूळ भरायची नाही.
केसांना फणी लावायची नाही.
डॉक्टर अ‍ॅबरडीनला, विमानं धुक्यात अडकलेली,
म्हणून संध्याकाळची बोट,
उद्या सकाळी सातपर्यंत.
जे खरवडून काढावंसं वाटत होतं
तेच तिने अंगावर सांभाळून न्यायचं होतं,
काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसं.

"ओरडलीस?"
हा प्रश्न यादीत होता, मूअटने मनाचा घातला नव्हता.
"तिथे कड्यावर," ती म्हणाली,
"शेजारणीला हाक मारायची तरी ओरडावंच लागतं.
मेंढ्यासुद्धा मान वर करत नाहीत."
मी लिहिलं: ओरडली.
मेंढ्यांचं लिहिलं नाही.
आज वाटतं, लिहायला हवं होतं.

कपडे कागदी पिशव्यांत भरायचे,
प्लास्टिकमध्ये पुरावा घामेजतो.
स्वेटर तिने स्वतः विणलेला,
डाव्या खांद्याजवळ एक टाका निसटलेला,
तो मला दाखवून म्हणाली,
"हा आधीचा आहे. हा त्याच्यात धरू नका."
मी लेबलवर आकडा टाकला: सात.
आणि तिला स्टेशनातला करडा ट्रॅकसूट दिला,
बाह्या इतक्या लांब की तिचे हातच दिसेनात.

बोटीवर आम्ही खिडकीपाशी.
पलीकडे फुटबॉल खेळून परतणारी पोरं,
त्यातल्या एकाने चिप्सचं पाकीट पुढे केलं.
तिने मान हलवली.
"भाव खाते," तो मित्राला म्हणाला, हळू नाही.
फेअर बेटाशी समुद्र खवळला
आणि मी मनातल्या मनात नियमावली उलटत होते:
हिला उलटी झाली तर
ती कशात भरायची, आकडा आठ की सात-अ?
असली माणूस झाले होते मी त्या रात्री.
शौचालयाच्या दाराशी उभी,
नळाचा आवाज येत नाही ना, ऐकत.

आमच्याकडे कायदा एका तोंडावर उभा राहत नाही.
दुसरा आधार लागतो,
साक्ष, डाग, व्रण, निदान कुणाची तरी नजर.
निघताना मूअट पुटपुटला होता,
"एका हाताने टाळी वाजत नाही, बाई,"
आणि लगेच कानापर्यंत लाल झाला.
थप्पड वाजते की एकाच हाताने.
हे मला सुचलं बोटीवर, पहाटे तीनला,
ऐकायला तो नव्हता, आणि ती जागी होती
म्हणून बोलले नाही.

अ‍ॅबरडीनला डॉक्टरने तिला आधी नाव विचारलं,
मग, "सुरू करू का?" असं विचारलं.
दर खेपेला विचारलं.
चौथ्यांदा ओस्ला रडली.

अकरा महिन्यांनी पत्र आलं, दीड पानाचं,
पुरेशा पुष्टीअभावी.
"खोटं" असा शब्द त्यात कुठेही नव्हता,
मी दोनदा वाचून खात्री केली
आणि तिला तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले,
जणू ती काही कमाई होती.

स्वेटर परत आला. पोटाजवळ
दोन बोटं रुंद चौकोन कापून घेतलेला.
पावतीवर तिची सही व्हायची आहे.
ती आता लीथला राहते, बेकरीत,
फोन उचलते, विषय निघाला की लाइन तुटते.

आता तपासणी बेटावरच होते म्हणे,
खोलीला पडदे आहेत, चहासुद्धा मिळतो, नंतर.
मी निवृत्त झाले.
कोठारात पिशवी सात कुणाच्या ताब्यात आहे, ठाऊक नाही.

त्या रकान्यात मी शेवटी काय लिहिलं ते सांगते.
खूण केलीच नाही.
समासात, बारीक अक्षरात:
उजेड होता. चेहरा ओळखण्याइतका.
बचावाच्या वकिलाने विचारलं असतं,
कुणाचा शब्द हा, तुमचा की तिचा?
तिथपर्यंत गोष्ट गेलीच नाही.
पण मी उत्तर तयार ठेवलं होतं.