यंदा फळी नको

हेल्मरच्या आजोबांचं होडीघर
आता बर्चच्या रानात उभं आहे,
दाराशी रानबेरीची झुडपं.
पाहुणे विचारतात, समुद्र कुठे गेला?
समुद्र कुठेच गेला नाही.
जमीनच वर आली,
वर्षाला करंगळीच्या नखाएवढी.

दहा हजार वर्षांपूर्वी बोथनियाच्या या काठावर
कोसभर जाड बर्फ बसला होता.
तो उठून गेला,
आणि खडक अजून पाठ सरळ करतोय.
ओझं उतरलेल्या हमालाला
थोडा वेळ लागणारच.

म्हणून आम्ही धक्का लांबवत आलो
पाण्याच्या मागे मागे.
सासऱ्यांनी सहा फळ्या जोडल्या, हेल्मरनं चार,
प्रत्येकीवर साल कोरलेलं.
मी दर मंगळवारी मोजपट्टी वाचते,
पेन्सिलीनं वहीत आकडा लिहिते
(शाई इथे गोठते).

गेली तीन वर्षं आकडा हललेला नाही.
हेल्मर खूश.
"यंदा फळी नको," म्हणाला,
"बसलं एकदाचं सगळं आपापल्या जागी."

मी काही बोलले नाही.
रस्सीखेचीत दोरी मधोमध थांबते
तेव्हा दोन्हीकडच्यांच्या टाचा बघाव्यात.
खालून खडक येतोय,
त्याच्या बरोबरीनं पाणी चढतंय,
आणि माझ्या वहीत शून्य.

रात्री सौनात बसलो.
सरपण आठलाच संपलं होतं.
दार किलकिलं झालं की हवा लगेच निवायची.
हवेला कुठलीही बातमी आधी कळते.
समुद्राला सांगत बसावं लागतं शतकानुशतकं,
तळापर्यंत निरोप पोचेतो
सांगणारे उरत नाहीत.
बर्फ ऐकलं न ऐकलंसं करतो,
मग उठतो तो उठतोच.

बाराच्या सुमाराला मी दगडांवर
डावभर पाणी टाकलं.
चर्र झालं,
वाफ छतापर्यंत गेली.
"अजून?" हेल्मरनं विचारलं.
"अजून."
मग बराच वेळ आम्ही दोघंही
विझलेल्या चुलीकडे बघत घाम पुसत राहिलो.

अकरावी फळी त्यानं हिवाळ्यातच
रंधा मारून ठेवली होती.
ती भिंतीला टेकून आहे, साल न कोरलेली.
जाता-येता तो तिच्यावरून हात फिरवतो.
मी अजून त्याला म्हटलेलं नाही,
असू दे ती.
लांबवायला नाही तर
धक्का उंच करायला लागेल.