फॉरमॅट करू का?

आचऱ्याच्या खाडीला सुकती लागली
तेव्हा कार्ड पहिल्यांदा रीडरमध्ये घातलं.
टुंग वाजलं. म्हणजे काहीतरी कळलं त्याला.
पण खिडकी उघडेना.
सी आहे, डी आहे,
ई म्हणजे तो सीडीचा कप्पा, ज्यात दोन वर्षं
कुणाच्या तरी लग्नाची सीडी अडकून बसलीय.
कार्डाच्या नावाने एक अक्षर नाही.

काढलं. फुंकलं. घातलं.
फुंकू नये म्हणतात, थुंकी उडते.
पण तोंड विचारून थोडंच फुंकतं.

पुढचं पोर्ट झालं, मग मागचं.
मागे हात घातला तर कोळ्याचं जाळं,
आठ पायांच्या कोळ्याचं, बंदरावरच्या नव्हे.
काँप्युटर बंद केला, चालू केला,
मधल्या वेळात वीज स्वतःच एकदा जाऊन आली.

कार्डाचे पिवळे दात हिरवट पडलेले.
इथे खारा वारा कशाला सोडत नाही:
शटर, पंख्याची पाती, माझ्या चष्म्याची काडी.
पोरीच्या कंपासातलं खोडरबर घेतलं,
दात घासले. काळे कण फुंकले. (पुन्हा फुंकलंच.)
बाजूची खिट्टी वर, खाली, वर.

मग पाटी आली.
वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. करू का?
'होय' आधीच निळं होऊन बसलेलं,
जेवायला उठा म्हटल्यावर
पाटावर आधी जाऊन बसणाऱ्या माणसासारखं.

आत बचत गटाच्या अकरा बायका होत्या.
सोमवारी ओळखपत्रांचे फोटो मत्स्य खात्यात द्यायचे.
मी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात भरती वळली असणार,
कारण चंद्रभागा खवणेकर आत आली,
कालवांची पाटी ओल्या गोणपाटाखाली,
आणि बाकावर टेकली.
"काय म्हणता तो?"
म्हटलं, कार्ड ओळखत नाही.
"मगे माज्या आंगठ्यासारख्याच."

रेशनच्या दुकानात गेले तीन महिने.
लिंबू चोळून झालं, साबण झाला,
केसांना पुसून झालं.
"धा बोटां लायलंय. मशीन म्हणता, ही ती न्हय.
आणि मी थयसरच हुबी!"
चौथ्या खेपेला ओटीपी आला, तो मुलाच्या फोनवर.
मुलगा बोटीवर. बोट रेंजच्या बाहेर.
हे सांगताना ती हसली, मग बोटं पुढे केली.
चाळीस वर्षं शिंपल्यांची धार.
टोकं गुळगुळीत, वर आडव्या पांढऱ्या चिरा,
एकही रेघ जिथून निघाली तिथे पोचत नाही.

"क्यामेऱ्यात दिसतंय मां?"
कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं. दिसत होत्या,
सगळ्या, पोटरीभर पाण्यात.
"मगे क्यामेराच जोड त्येका."

केबल खालच्या खणात निघाली,
पासपोर्ट फोटोंच्या कातरणांखाली,
लोकांचे उरलेले खांदे, अर्धे कान.
जोडली. टुंग.
कॅमेऱ्याने आपलं नाव सांगितलं
आणि एकेक बाई पडद्यावर यायला लागली.

मग ट्यूब पेटली: रीडर जुना,
बत्तीस जीबीच्या पुढचं त्याला माहीतच नाही.
कार्ड चौसष्टचं. तीन तास मी
धडधाकटाचे दात घासत होते.

चंद्रभागाने खुर्ची ओढली, बोटाने मोजलं.
काचेवर ओलसर ठिपके उमटत गेले.
"बारा आसत गो."
खरंच. मागे, खडकापाशी,
एक वाकलेली पाठ, हातात कोयती, तोंड पाण्याकडे.
"ती रजनी. तिचा नाव गटात नाय.
येळ नाय म्हणता फॉर्म भरूक."

अकरा कापून घेतल्या, दोन ठिकाणी ठेवल्या.
बारावीचं काय करायचं कळेना.
खिडकी बंद केली तर मागे ती पाटी
अजून उभीच, कार्ड काढून नेलं तरी विचारतेय.
'नाही' दाबलं.

चंद्रभागा गेली तेव्हा बाकाखाली
पाटीच्या आकाराचं खारं ओलं वर्तुळ राहिलं.
पुसायला घेतलं, मग तसंच राहू दिलं.
संध्याकाळी रजनी तारीचा फोटो छापला,
पाठीचा. पैसे कुणाच्या नावावर लिहायचे
ते अजून लिहिलेलं नाही.