गोंगाट काढून टाका

दुसऱ्या सत्राला संज्ञापन सिद्धांताचा पेपर.
गायधनी मॅडम फळ्यावर दोन चौकोन काढतात,
मध्ये बाण. पाठवणारा, घेणारा.
बाणावर वरून एक वाकडीतिकडी रेघ येऊन पडते.
तिला गोंगाट म्हणायचं.
कॉलेज रोडच्या त्या वर्गात एसीची घरघर तेवढी होती.
मी वहीत रेघ जरा जास्तच वाकडी काढली.

प्रात्यक्षिक असं: घरातलं दहा मिनिटांचं बोलणं टिपा,
शब्दन् शब्द उतरवा,
शांतता कंसात, सेकंदांसकट.

आमच्याकडे कुठली शांतता?
तांबट आळीत सकाळी आठपासून
दादा घंगाळं मठारतात. बत्तीस वर्षं.
उजवा कान गेलाच,
डावा ‘चहा’ एवढं ऐकतो, तेही तोंड बघून.

मी: दादा, कोर्सला लागतंय. काहीतरी बोला.
(ठोके.)
मी: बोला म्हटलं.
(ठोके, एकोणचाळीस.)
दादा: बोलव की वर. कोण आलंय?

अर्शिया कोकणी म्हणाली, सोपंय गं,
हे बटण दाब, गोंगाट निघून जातो.
दाबलं.
ठोके गेले, आणि त्यांच्याबरोबर
दादाही गेले,
ठोक्यांवरून ओरडून ओरडून
त्यांचा आवाज त्याच पट्टीत बसलेला.
उरले मी, एकटी, लख्ख,
काहीतरी बोला म्हणत.

मग सगळं परत आणलं, आणि रात्रभर
कानाला लावून मोजत बसले.
काठ वळवताना ठोका घाईचा.
गिऱ्हाईक दारात दिसलं की उगाच ऐटीचा.
सातव्या मिनिटाला मी म्हणते,
रविवारी सिन्नरला आईकडे जाऊन आले.
तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत असावेत.
हातोडा थांबत नाही,
फक्त एकाच जागी पडत राहतो,
अकरा सेकंद.
तांबटाच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,
असं करायचं नसतं, पत्रा जातो.

हे कंसात कसं लिहितात, मॅडम?

मी ‘ठोके’ एवढंच लिहिलं.
दहापैकी सहा. लाल शाईत शेरा:
ध्वनिमुद्रण अस्पष्ट. घेणाऱ्याचा प्रतिसाद कुठे आहे?

घंगाळ गंगापूर रोडच्या एका बंगल्यात गेलं.
त्यात म्हणे झाड लावणार आहेत.
माती भरण्याआधी कुणी उजेडात धरलं
तर दिसेल, बुडापासून चार बोटं वर,
नखाएवढी जागा पातळ.