वार

वॉर्सात जानेवारी. ट्रामच्या तारांवर बर्फ चढलेला.
तळघरातल्या खोलीत मात्र सदतीस अंश:
एका उंदरीच्या पोटाएवढी ऊब
कपाटात कोंडून ठेवलेली.

ओल्गेर्द ज्योतीवर काच ताणतो,
केसाहून बारीक नळी ओढतो,
तुटली की पुटपुटतो, दुसरी घेतो.
तेहतीस वर्षं हेच. मार्चमध्ये निवृत्ती.

बोगुमिवा भिंगाला डोळा लावून.
आठ पेशी. पारदर्शक थैलीत
आठ गोट्या ठेवाव्यात तशा सुट्या.
कुणालाच अजून काही व्हायचं नाही.

तीनच्या सुमाराला एक दुसरीला टेकते.
खाचा बुजतात, कडा पुसट होतात,
आठजणींची मोट कधी वळली कळत नाही;
मोजायला जावं तर बोट अडखळतं.

ती द्रव बदलते, कॅल्शियम नसलेला घालते.
मिठी सुटते. आठ पुन्हा आठ,
एकमेकींना कधी पाहिलंच नसल्यासारख्या.
कॅल्शियम परत देते,
त्या परत बिलगतात, राग न धरता.
दोनदा करते. तिसऱ्यांदा तिच्याने करवत नाही.

पुढे त्या सोळा होतात.
‘आत कोण जाणार, ठरवतं कोण?’
‘कुणीच नाही. जिचा पापुद्रा जास्त ताणलेला
ती आत ओढली जाते. तिचं पिल्लू होतं.’
‘आणि बाहेरच्या?’
‘त्यांची वार.’

ओल्गेर्द ज्योत बारीक करतो.
‘माझी मुलगी झाली, तेव्हा संचारबंदी होती.
रात्रभर दवाखान्याच्या बोळात उभा होतो.
नर्स एनॅमलची बादली झाकून घेऊन आली,
मी भिंतीला लागून तिला वाट दिली.
आत काय, विचारलंसुद्धा नाही.’

बोगुमिवा काही बोलत नाही.
वहीत वेळ लिहिते, खोडते, परत लिहिते.

दुसऱ्या रात्री पाणी.
बाहेरच्या पेशी घोट घोट आत ओढतात,
भेगाभेगांतून थेंब, थेंबांची डबकी,
मोठं डबकं धाकट्याला पिऊन टाकतं,
शेवटी एकच तळं, आणि आतल्या साऱ्या
एका कडेला, दाटीवाटीनं, कोरड्या.

‘ये, बघ. त्या कोपऱ्यात, तेच पिल्लू.’

तो चष्मा कपाळावर सरकवतो, वाकतो.
कोपऱ्याकडे जातच नाही.
बाहेरच्या कडेवरून डोळा फिरवत राहतो,
एक एक पेशी, ओठ हलवत.
अठ्ठावीसवर चुकतो.
पुन्हा पहिलीपासून.