समासातलं टिंब

मंगळवारी हॉलमध्ये आम्ही वाक्यं चालतो.
स्वल्पविरामाला एक पाय उचलून थांबायचं,
पूर्णविरामाला दोन्ही पाय जुळवून.
श्वास. मग पुढे.

ग्रिम्सबीच्या या हॉलला जेवणाआधीच
उकडलेल्या कोबीचा वास.
डेक्स्टर निघाला, वही नाकापाशी धरून:
आणि मग बाबा बंदरावर गेले आणि मग आई म्हणाली थांबा
आणि मग आम्ही घर बदललं आणि मग कुत्रा नाही आणला आणि मग

थेट भिंतीवर.

“इथे काय आहे रे? पूर्णविराम?”
“नाही मिस. भिंत.”

लाल पेन मी केव्हाच ठेवून दिलंय.
चुकल्या ओळीशेजारी समासात एक टिंब देते फक्त:
इथे काहीतरी आहे, तूच शोध.
(कऱ्हाडला शेंडेबाईंनी माझ्या ‘दीन’ची वेलांटी
शंभरदा दुसरी करून घेतली होती.
बोटं दुखली. दीन म्हणजे काय, ते राहूनच गेलं.)

दुपारी वही परत आली.
‘फ्रेंड’मधला हरवलेला आय सापडला होता.
आणि जिथे मी टिंब दिलंच नव्हतं
तिथे, कुत्र्याच्या ओळीनंतर,
पेन्सिल कागदाच्या पार जाईस्तोवर दाबून
तो थांबला होता.